पाण्याकाठचे विद्यापीठ

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर वेसावे नावाचे जुने गाव आहे. शहर वाढत वाढत त्याच्या अंगावर आले आणि नकाशावर गावाचे नाव वर्सोवा झाले. तरी तेथील कोळी आजही त्याला वेसावेच म्हणतात. पावसाळा सरला की या गावात बांबू रोवून दोऱ्या ताणल्या जातात आणि दोन-दोन बोंबिलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोऱ्यांवर वाळत घातले जातात. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारा तो उग्र वास ज्याने एकदा घेतला, तो वेसावे विसरत नाही.

याच परिसरात मासे हाच अभ्यासविषय असलेले एक विद्यापीठ उभे आहे. केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था हे त्याचे नाव. १९६१ साली ही संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे काम मर्यादित होते. राज्याराज्यांच्या मत्स्यव्यवसाय खात्यांतील अधिकाऱ्यांना या विषयाचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण द्यावे, एवढाच तिचा हेतू होता. १९७९ साली ती भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या छत्राखाली आली आणि १९८९ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता तेथे पदव्युत्तर आणि पीएच.डी. पदवीपर्यंतचा अभ्यास चालतो.

परंतु या विद्यापीठाचे खरे वैशिष्ट्य मुंबईत बसून कळत नाही. त्यासाठी भारताचा नकाशा समोर घ्यावा लागतो. आंध्र प्रदेशात काकीनाडा, पश्चिम बंगालमध्ये कोलकाता, मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यातील पवारखेडा, बिहारमध्ये मोतीहारी आणि हरियाणात रोहतकजवळचे लाहली अशा ठिकाणी त्याची केंद्रे आहेत. वरवर पाहता या गावांत काही समान सूत्र दिसत नाही. हरियाणाला तर समुद्राचे दर्शनही नाही. मग मासे शिकवणाऱ्यांनी तेथे बिऱ्हाड का केले असावे?

याचे उत्तर पाण्यात आहे. गणित शिकायला कोणतीही खोली चालते. मासा मात्र आपल्या पाण्यातच समजतो, आणि सगळे पाणी एकसारखे नसते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीच्या पाण्यात ते ग्रॅमच्या अंशाइतके असतात. खाडीचे निमखारे पाणी भरती-ओहोटीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे पालटत राहते. काकीनाड्याला समुद्र आणि खाडी आहे, पवारखेड्याला गोडे पाणी आहे, मोतीहारीच्या परिसरात पावसाळ्यात भरून महिनोन्‌महिने साचून राहणारे सखल पाणथळ भाग आहेत. लाहलीचे पाणी कसे आहे ते पुढे येईलच. एवढे ध्यानात घेतले की या विषयाची प्रयोगशाळा म्हणजे केवळ काचेच्या बरण्या मांडलेली खोली नव्हे, हे सहज पटते. तळे, खाडी, होडी, मासळी बाजार या सगळ्यांचा तिच्यात समावेश होतो.

तळ्यापासूनच आरंभ करू. शेततळ्यात मासे सोडणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. पहाटे तळ्यावर जावे, तर मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत असतात. नवशिक्याला वाटते, मासे भुकेले आहेत. तो खाद्य टाकतो, आणि नेमके तेच करायला नको असते. मासे भुकेने वर आलेले नसून गुदमरून वर आलेले असतात. दिवसा पाण्यातील सूक्ष्म वनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करतात आणि तो पाण्यात विरघळतो. रात्री ही निर्मिती थांबते. मासे, जिवाणू आणि त्या वनस्पती स्वतः, असे सगळेच मग साठलेला प्राणवायू वापरू लागतात. त्यामुळे सूर्योदयापूर्वी तो सर्वांत कमी झालेला असतो. अशा वेळी टाकलेले खाद्य मासे खात नाहीत. ते तळाशी कुजते आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवते.

मत्स्यविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा प्राणवायू मोजायला अगदी सुरुवातीलाच शिकवतात. बाटली पाण्याखाली धरून, आत एकही बुडबुडा राहणार नाही अशी भरायची. तिच्यात दोन रसायने घालून बूच लावायचे. पांढरा साका बसला तर पाण्यात प्राणवायू नाही. तो तपकिरी झाला तर आहे. नेमके प्रमाण काढण्यासाठी पुढे आणखी काही कृती कराव्या लागतात, पण साक्याचा रंग पाहूनच पुष्कळ काही कळते.

दुसरे एक साधन याहूनही साधे आहे. सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची एक तबकडी घेतात, तिचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवतात आणि ती दोरीला बांधून पाण्यात सोडतात. ती दिसेनाशी होते तेथवरची दोरी मोजायची. अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली समुद्राची पारदर्शकता मोजण्यासाठी अशा तबकड्या वापरल्या. म्हणून तिला सेक्की तबकडी म्हणतात. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या माणसाचे हे साधन आज मत्स्यशेतकऱ्याच्या हाती आहे, ही मोठी गमतीची गोष्ट वाटते. मत्स्यतळ्यात तबकडी साधारणपणे ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर माशांचे नैसर्गिक अन्न, म्हणजे प्लवक, पुरेसे आहे असे समजतात. ती फारच वर दिसेनाशी झाली, तर शेणखत घालणे थांबवावे. मात्र तबकडी गढूळ मातीमुळे दिसेनाशी झाली की प्लवकांमुळे, हे तिला स्वतःला सांगता येत नाही. त्यासाठी पाण्याचा रंग पाहणारे डोळे लागतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर सूक्ष्मदर्शक लागतो.

पण मासे पाळण्यासाठी आधी माशांची पिल्ले तर हवीत! कटला, रोहू आणि मृगळ हे आपल्याकडचे तळ्यात वाढवले जाणारे प्रमुख मासे मुळात नदीचे. पावसाळ्यात नदीला पूर आला, पाणी काठावर पसरले की त्यांची वीण होते. साचलेल्या तळ्यात ते वाढतात, अंडी त्यांच्या पोटात तयारही होतात, परंतु बाहेर पडत नाहीत. त्यामुळे पूर्वी पुराच्या पाण्यात जाळी लावून मत्स्यबीज गोळा करावे लागे. त्या बीजात कशाकशाची पिल्ले असत याचा नेम नसे. रोहू म्हणून आणलेल्या बीजातून रोह्वाला खाणारा मासाच वाढायचा, अशी गत.

या कोड्याची उकल १९५७ साली ओडिशात झाली. १० जुलै १९५७ या दिवशी अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि त्यांचे सहकारी के. एच. अलीकुन्ही यांना कार्प जातीच्या माशांचे प्रेरित प्रजनन घडवण्यात यश आले. माशाच्या मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची इवलीशी ग्रंथी असते. वीण सुरू करण्याची आज्ञा तीच देते. चौधुरींनी एका पक्व माशाची ही ग्रंथी काढून, तिचा अर्क करून, तो दुसऱ्या पक्व माशाला टोचला. नदीच्या पुराने जे काम होत असे, ते सुईने केले. पुढे ही पद्धत देशभर शिकवली गेली. मादीला साधारण सहा तासांच्या अंतराने दोन मात्रा आणि नराला दुसऱ्या वेळी एक मात्रा द्यावी, असा तिचा परिपाठ ठरला. या ग्रंथी बाजारात विकल्या जाणाऱ्या माशांच्या डोक्यांतून काढून मद्यार्कात जपून ठेवीत. आता त्यांची जागा तयार संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी घेतली आहे. त्या शोधाची आठवण म्हणून १० जुलै हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

येथे भाषेच्या अभ्यासकाला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना मराठीत मत्स्यजिरे म्हणतात, कारण ती जिऱ्याच्या दाण्याएवढी असतात. ती वाढून बोटाएवढी झाली की बोटुकली. सरकारी परिपत्रकांतून इतके गोड शब्द क्वचितच वाचायला मिळतात. मत्स्यबीज केंद्राच्या दरपत्रकात ‘बोटुकली’ हा शब्द दिसला की निदान मला तरी तेथे थांबावेसे वाटते.

तळ्याकडून आता बाजाराकडे वळू, कारण समुद्रातील माशांचा अभ्यास फार मोठ्या प्रमाणावर मासळी उतरवण्याच्या बंदरांतच होतो. १९४७ साली तामिळनाडूतील मंडपम येथे सुरू झालेली आणि १९७१ पासून कोची येथे मुख्यालय असलेली केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था हे काम करते. तिचे कर्मचारी किनाऱ्यावरच्या निवडक बंदरांत ठरावीक दिवशी उभे राहून कोणत्या नौकेने कोणती मासळी किती आणली याची नोंद करतात. काही मासे विकत घेऊन प्रयोगशाळेत नेतात, त्यांची लांबी व वजन घेतात आणि पोट चिरून मादीची अंडाशये कितपत पक्व झाली आहेत ते पाहतात. असे शेकडो मासे वर्षभर पाहिले की एक उपयुक्त माहिती हाती येते. त्या जातीच्या निम्म्या माद्या किती लांबीला प्रथम पक्व होतात, ते समजते. त्या लांबीपूर्वी पकडलेला मासा एकदाही अंडी न घालता मेलेला असतो.

माशाचे वय काढण्याची युक्तीही ऐकण्यासारखी आहे. माशाच्या कानाच्या भागात चुन्याचे लहान खडे असतात. घोळ, ढोमा यांसारख्या माशांत ते चांगले मोठे असतात. खड्याचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात. थंड प्रदेशात हिवाळ्यात वाढ मंदावते, म्हणून तेथे वर्षाचे वलय स्पष्ट उमटते. आपला समुद्र बारमाही उबदार. येथे वलये अस्पष्ट, आणि म्हणून परदेशी पुस्तकातील रीत जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्या शास्त्रज्ञांना हजारो माशांच्या लांबीच्या नोंदींवरून वाढीचा अंदाज बांधावा लागतो.

ही मोजमापे केवळ कागदावर राहत नाहीत. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवून दिले. त्याहून लहान मासा पकडू नये, विकू नये, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी पापलेट हा राज्यमासा म्हणून घोषित झाला. नियमामागचे शास्त्र पक्के आहे. पण कोळ्याची बाजूही ऐकली पाहिजे. जाळ्यात आलेला लहान मासा पुन्हा पाण्यात टाकला तर तो जगेलच असे नाही. बहुतेक वेळा तो मेलेलाच असतो. तेव्हा खरा प्रश्न जाळ्याच्या आसाचा आहे, म्हणजे जाळ्याची भोके किती मोठी असावीत याचा. मोठ्या आसाचे जाळे घेतले तर आजची मिळकत घटते. डिझेलचे पैसे आणि कर्जाचा हप्ता तर आजच द्यायचा असतो. शेजारच्या नौकेने बारीक आसाचे जाळे वापरले तर आपण सोडलेला मासा तिला मिळतो. या गाठीची उकल सूक्ष्मदर्शकाखाली होत नाही. म्हणूनच मत्स्यविज्ञानाच्या अभ्यासक्रमात अर्थशास्त्र आणि सहकार हे विषयही ठेवलेले असतात. माझ्या मते त्यांना आहे त्याहून अधिक वेळ मिळायला हवा.

आता लाहली. क्रिकेटप्रेमींना हे नाव ठाऊक असेल. सचिन तेंडुलकर यांनी आपला अखेरचा रणजी सामना २०१३ साली येथेच खेळला. शेतकऱ्यांना मात्र हा भाग वेगळ्याच कारणाने परिचित आहे. हरियाणाच्या पुष्कळ भागात भूजल खारट आहे. कालव्याचे पाणी आले, निचऱ्याची सोय झाली नाही, भूजलाची पातळी वर आली आणि तिच्याबरोबर क्षारही वर आले. अशा शेतात गहू उगवत नाही आणि विहिरीचे पाणी पिण्याच्याही कामाचे नाही. महाराष्ट्रातील वाचकाला यावरून विदर्भातील पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा किंवा सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनी आठवतील.

पीक येत नसेल तर या खाऱ्या पाण्यात खाऱ्या पाण्याचा जीव वाढवावा, ही कल्पना वरकरणी सोपी वाटते. कोळंबीला क्षार हवेतच. पण तळे खोदून, असे भूजल भरून त्यात कोळंबीची पिल्ले सोडली तर ती मरतात. पाण्याची चव समुद्राच्या पाण्यासारखी लागते, खारटपणाचे मापही जुळते, तरी पिल्ले जगत नाहीत. दोष कोठे आहे ते रासायनिक पृथक्करणातून कळते. खारटपणा सारखा असला तरी क्षारांचे आपसातील प्रमाण वेगळे असते. जमिनीतील चिकणमाती पाण्यातले पोटॅशियम धरून ठेवते. त्यामुळे भूजलात ते समुद्राच्या मानाने फारच कमी उतरते. शरीरातील क्षारांचा तोल राखायला कोळंबीला पोटॅशियम लागते. ते न मिळाल्यास ती अशक्त होते, आणि वाढीसाठी कवच टाकण्याच्या नाजूक वेळी तर हमखास दगावते. उपाय शेतकऱ्याच्या परिचयाचाच निघाला. पिकाला घालतात ते म्युरेट ऑफ पोटॅश हे खत हिशेबाने तळ्यात मिसळायचे.

लाहलीच्या केंद्रात हे प्रयोग वर्षानुवर्षे चालले. २००९ साली परदेशी पांढऱ्या कोळंबीच्या संवर्धनाला भारतात परवानगी मिळाली आणि त्यानंतरच्या दशकात हरियाणा व पंजाबमधील शेतकरी आपल्या क्षारपड जमिनीत कोळंबीची तळी करू लागले. समुद्रापासून शेकडो कोस दूर, जेथे काही पिकत नव्हते तेथे कोळंबी पिकू लागली.

तथापि ही कथा केवळ यशाची म्हणून सांगणे योग्य होणार नाही. हंगाम संपल्यावर तळ्यातील खारे पाणी कोठे सोडायचे? ते शेजाऱ्याच्या चांगल्या शेतात झिरपले तर एकाचा लाभ दुसऱ्याची हानी होते. रोग आला तर आठवड्यात सारी कोळंबी मरते आणि गुंतवलेले पैसे बुडतात. शिवाय एका विहिरीचे पाणी दुसरीसारखे नसते. म्हणून खारपाणपट्ट्यातील कोणी हे वाचून लगेच तळे खोदायला घेऊ नये. आधी आपल्या विहिरीचे पाणी तपासून घ्यावे.

लाहलीत प्रयोगशाळेने शेतकऱ्याला वाट दाखवली. कोलकात्यात याच्या उलट घडलेले दिसते. शहराच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरांचा पाणथळ प्रदेश आहे. तेथील मच्छीमार शहराचे सांडपाणी आपल्या उथळ तळ्यांत घेतात. या तळ्यांना तिकडे भेरी म्हणतात. काही दिवस उन्हात राहिले की त्या पाण्यात शेवाळ आणि प्लवक वाढतात, घाण निवळते आणि त्या प्लवकांवर मासे पोसले जातात. किती सांडपाणी घ्यायचे, किती दिवस थांबायचे, हे ते पाण्याच्या रंगावरून आणि वासावरून ठरवतात. ही रीत त्यांना कोणत्याही विद्यापीठाने शिकवलेली नव्हती. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने १९८० च्या दशकात या व्यवस्थेचा अभ्यास करून ती जगापुढे मांडली, आणि २००२ साली या प्रदेशाला रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. शहर त्या पाणथळ जमिनीवर इमारती बांधू पाहते, ही तेथील जुनी आणि आजही न संपलेली लढाई आहे.

या शास्त्राचे शिक्षण कोठे मिळते, हेही थोडक्यात पाहू. भारतातील पहिले मत्स्यविज्ञान महाविद्यालय १९६९ साली मंगळुरू येथे सुरू झाले. महाराष्ट्रात रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ साली कोकण कृषी विद्यापीठाचे महाविद्यालय निघाले. नागपूर आणि उदगीर येथेही अशी महाविद्यालये आहेत. ईशान्य भारतात त्रिपुरातील लेंबूचेरा येथे महाविद्यालय आहे. केरळने २०१० साली आणि तामिळनाडूने २०१२ साली या विषयाला वाहिलेली स्वतंत्र विद्यापीठेच स्थापन केली. बारावीला विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण झालेल्यांना चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश मिळू शकतो. या चार वर्षांत मत्स्यसंवर्धन, माशांचे रोग, मासळी टिकवण्याच्या पद्धती आणि नौकानयन शिकवतात. जाळ्याच्या गाठी मारायलाही शिकवतात.

त्या गाठींचा तास मला नेहमी विचारात पाडतो. कोळ्याच्या किंवा भोयाच्या घरातील मूल त्या गाठी वयाच्या दहाव्या वर्षी मारते. महाविद्यालयात पोहोचायला मात्र त्याला बारावीचे गुण लागतात, आणि ऐन हंगामात वडिलांबरोबर पाण्यावर गेलेल्या मुलाची शाळा सुटलेली असते. ज्याला पाणी कळते तो बाहेर आणि ज्याला पुस्तक कळते तो आत, अशी विभागणी काही प्रमाणात तरी झाली आहे. शाळा सुटल्यावर पुन्हा अभ्यासाला बसलेल्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट अनुभवलेली आहे. ती वेगळी सांगायला नको.

ज्यांना पदवी नको, पण तळ्यात मासे वाढवायचे आहेत, त्यांनी आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रात किंवा मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. तेथे थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणांची माहिती मिळते. चौकशीला जाताना आपल्या विहिरीचे किंवा तळ्याचे पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून, वर गावाचे नाव आणि तारीख लिहून न्यावे. त्यावरून क्षारांचे प्रमाण कळू शकते. प्राणवायू मात्र तळ्याकाठीच मोजावा लागतो, कारण बाटलीतले पाणीही वाटेत श्वास घेत असते.